न सरलेल्या डब्याची वाटणी

गेल्या मंगळवारी टपालाने आले ते असे. पितळी किल्ली एक, काळ्या दोऱ्यात ओवलेली. दोनशे पानी वही एक, कडेला तेलाचे डाग. पुतणीची चिठ्ठी, सात ओळींची. टपालखर्च अठ्ठेचाळीस रुपये, पाठवणारीने भरलेला. मला पडलेली किंमत: एक पहिला नंबर, एकतीस वर्षांचा तोरा आणि एक चमत्कार.

सबब मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, शिक्षण मॅट्रिक, धंदा घरकाम, राहणार याच इमारतीत दुसरा मजला, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे असे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. ते एकतीस वर्षांपूर्वी तपासले असते तर त्यांनी काय लिहिले असते ते सांगता येत नाही. यापूर्वी मी तीन मृत्युपत्रे केली, तिन्ही विजेच्या बिलांच्या पाठीवर. ती रद्द समजावीत. हे मात्र विकतच्या कोऱ्या कागदावर आहे, यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते घरच्यांनी ओळखावे.

कलम एक. घर. तीन खोल्या, यजमानांच्या आणि माझ्या कष्टाच्या, बोजा काही नाही. माझ्या पश्चात मालकी मुलाची. परंतु जिन्याकडची पुढची खोली आणि स्वयंपाकघर यांत राहण्याचा हक्क माझी धाकटी जाऊ हिला तिच्या हयातीपर्यंत राहील आणि तिला तेथून उठवण्याचा अधिकार मुलाला, सुनेला किंवा त्यांच्या कोणत्याही फर्निचरला असणार नाही.

हे कलम माझ्या मरणाची वाट न पाहता आजपासून लागू आहे. वकील म्हणाले, "बाई, मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं."

मी म्हटले, "तिची भाड्याची खोली या महिनाअखेर सुटतेय. तोवर मी जाईन याची हमी देता का?"

ते म्हणाले, मग वेगळा कागद करा. वेगळ्या कागदाचे ते वेगळे पैसे घेतात. म्हणून इथेच लिहिले.

कारण लिहिणे भाग आहे.

एकतीस वर्षांपूर्वी आम्ही चौघींनी वर्षभराची काटकसरीची शर्यत लावली. खालच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई, समोरच्या शिंपीणकाकू, माझी धाकटी जाऊ आणि मी. जाऊ तेव्हा आमच्याच मजल्यावर, भिंतीपलीकडे राहत होती. माणशी ठरावीक रक्कम, त्यात घर चालवायचे. पै-पैचा खर्च वहीत. महिन्याच्या शेवटच्या रविवारी जिन्याच्या वळणावर बसून वह्या एकमेकींनी तपासायच्या. वहीत खोटे लिहायचे नाही, ही शपथ. सगळ्यांत जास्त वाचवील तिला वर्गणीतून तराजू, आणि सगळ्यांत कमी वाचवील तिने पुढचे वर्षभर दर शनिवारी जिना धुवायचा. शर्यतीची कल्पना माझी. जिन्याचीही माझीच.

मी अशी कामाला लागले की शिंपीणकाकूंनी माझे नाव चिमटीबाई ठेवले. साखर चिमटीने, तेल थेंबाने. चहाची पूड दोनदा उकळायची आणि तिसऱ्यांदा कुंडीत घालायची. साबणाच्या चिपट्या जुन्या मोज्यात भरून त्याचा नवा साबण करायची. पिठाच्या डब्यात आतून पेन्सिलीने रेघ मारली आणि ठरवले, आठवडाभरात पीठ या रेघेखाली जाता कामा नये. यजमान एक दिवस ताटाकडे बघत म्हणाले, "अगं, एवढ्यात चिमणीसुद्धा दुसरं घर बघेल." मी त्यांना संयमाचे महत्त्व सांगितले. ते बिनखर्चाचे असल्याने पोटभर सांगितले.

तिसऱ्या महिन्यात मुलगा शाळेत रांगेत उभा असताना चक्कर येऊन पडला. मी म्हटले, झोप पुरी होत नाही पोराची. डॉक्टरांची फी वाचली, हे त्या दिवशी वहीत नाही पण मनात नोंदवले होते. आज या कागदावर नोंदवते.

त्याच्या पुढच्या सोमवारपासून चमत्कार सुरू झाला. सोमवारी सकाळी मी दोन तास प्रार्थनेच्या बैठकीला जात असे. परत येऊन डबा उघडावा तर पीठ रेघेच्या वर. रविवारी खाली, सोमवारी वर. मी जरा सैल हाताने पीठ घेऊ लागले, तरी सरेना. मुलाच्या गालावर रंग आला. मी जपमाळ दुप्पट केली आणि बैठकीत उभे राहून सगळ्यांना सांगितले, की जो हात आखडतो त्याचा डबा देव भरतो. दोन बायका रडल्या. एकीने माझ्या पाया पडण्याचा प्रयत्न केला आणि मी तिला फारसे अडवले नाही.

यजमान एवढेच म्हणाले, "देवाकडं आपल्या घराची दुसरी किल्ली आहे वाटतं."

मी त्यांना म्हटले, "जिभेला काही हाड?" आणि दोन दिवस बोलले नाही. त्यांना सगळे ठाऊक होते, हे आता कळते. ते जाऊन नऊ वर्षे झाली. माफी मागायची त्यांचीही राहिली.

इकडे जाऊच्या वहीत पिठाचा खर्च वाढत चाललेला. तपासनीस मी. चारचौघींत मी विचारले, "तिघांच्या घरात एवढं पीठ? भिंती लिंपतेस की काय गं?"

ती म्हणाली, "खाणारी तोंडं आहेत, अक्का."

"तीनच ना?"

"मोजलीत मी नीट."

मी हसले. सगळ्या हसल्या. वर्षाच्या शेवटी मी पहिली, ती शेवटची. मला तराजू, तिला जिना. बावन्न पायऱ्या, बावन्न शनिवार. मी वरून उभी राहून सांगत असे, "कोपरा राहिला बघ." आणि एकदा ओल्या पायऱ्यांवरून मुद्दाम चपला घालून खाली गेले आणि परत वर आले. तिने पुन्हा धुतल्या. वर बघितलेसुद्धा नाही.

त्यानंतर जावेचे बिऱ्हाड दुसऱ्या गावी गेले. धाकटे भावजी वारले तेव्हा तिने मला चार महिन्यांचे भाडे उसने मागितले. मी पैसे पाठवले नाहीत. खर्च कमी करण्याचे सतरा उपाय सुवाच्य अक्षरात लिहून पाठवले. तिचे उत्तर एका शब्दाचे आले: "पोचले."

आता पुतणीची, म्हणजे धाकटीच्या मुलीची, चिठ्ठी. ती लिहिते, की खोली रिकामी करताना आईने किल्ली काढून दिली आणि म्हणाली, ही अक्कांची आहे, कधीची परत करायची राहिलीय. कुंड्यांना पाणी घालण्यासाठी मीच ती कधीतरी दिली होती आणि विसरले होते. वही मात्र पुतणीने आपल्या मनाने घातली. वहीच्या शेवटच्या पानावर जाऊच्या अक्षरात मथळा आहे: अक्कांचा डबा. खाली एक्केचाळीस सोमवार, तारीख आणि वजन. पहिल्या ओळीपुढे लिहिले आहे, "पोराचं मनगट बघवेना." मध्येच एके ठिकाणी, "आज जास्त पडलं, रेघेच्या फार वर गेलं. अक्कांना कळणार." आणि पुढच्या सोमवारी, "नाही कळलं. देवाचे आभार मानत होत्या."

मी चष्मा पुसला आणि चौघींची बेरीज नव्याने केली. दोनदा केली, चूक सापडावी म्हणून. पहिली धाकटी. चौथी मी.

कलम दोन. तराजू. पितळी पारड्यांचा, वजनांसह. तो जाऊचा आहे, तिला द्यावा. एकतीस वर्षे मी त्यात वाण्याकडून आलेला प्रत्येक जिन्नस तोलून पाहिला आणि वाण्याशी भांडले. शर्यतीच्या वर्षी शिंपीणकाकूंचा तराजू मागून आणून डबा एकदाच तोलला असता तर एवढे लिहावे लागले नसते. पण चमत्कार तोलायचा नसतो, अशी माझी समजूत होती. वाण्याला मी माफ केले आहे. त्याने मला करावे की नाही, तो त्याचा प्रश्न.

कलम तीन. शिल्लक. बँकेतल्या ठेवीतून आधी एक्केचाळीस सोमवारांचे पीठ आजच्या भावाने आणि चार महिन्यांचे भाडे आजच्या दराने जाऊला द्यावे. ती घेणार नाही. ती घेणार नाही हे धरूनच मुलाने द्यावे. उरलेले मुलाचे, त्याने डॉक्टरांच्या फीवर मन मोठे करावे.

कलम चार. जिना. हे माझ्याकडचे येणे नसून देणे आहे. बुधवारपासून मी रोज चार पायऱ्या धुते, बसून, कारण गुडघे वाकत नाहीत. तेरा दिवसांत एक जिना. बावन्न वेळा धुवायला सहाशे शहात्तर दिवस लागतील. तेवढी हयात मिळावी अशी देवाकडे मागणी आहे; त्याच्या नावावर मी नको ते जमा केले होते, ते वळते करून घेतल्यावर तो माझे ऐकेल की नाही, सांगता येत नाही. पायऱ्या उरल्यास मुलाने स्वतः धुवाव्यात. मजूर लावू नये.

कलम पाच. अंत्यविधी. फुले नकोत. पांघरायला निळी चादर घ्यावी, तिला एकच ठिगळ आहे. भाषण कोणी केलेच तर त्यात काटकसर हा शब्द येऊ देऊ नये.

मुलगा फोनवर म्हणाला, "आई, काकूंना बोलवायला एवढं मृत्युपत्र कशाला? सरळ फोन कर की."

मी म्हटले, "फोनवर ती ऐकून घेईल आणि 'असू दे, अक्का' म्हणेल. मला असू द्यायचं नाहीये."

कलम सहा. मास्तरीणबाईंना छत्री आणि शिंपीणकाकूंना मोठी कात्री द्यायचे मनात होते. पण साक्षीदाराला मृत्युपत्रात काही देता येत नाही, असे वकील म्हणाले. म्हणून दोघींनाही साक्षीदार केले. शिंपीणकाकू म्हणाल्या, "जन्मभर काही दिलं नाहीस चिमटे, आणि आता कायदापण तुझ्याच बाजूनं!" मास्तरीणबाईंनी शुद्धलेखनाच्या अकरा चुका काढल्या आणि मग डोळे पुसले.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि कबूल केला.

सही: थोरली जाऊ, उर्फ चिमटीबाई
साक्षीदार १: मास्तरीणबाई, पहिला मजला (सही)
साक्षीदार २: शिंपीणकाकू, समोरचे दार (सही)
ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघरातील टेबल
तारीख: अकरा, वार सोमवार

धाकटीस, या प्रतीसोबत:

किल्ली परत पाठवते आहे. ती तुझ्याकडेच राहू दे. येशील तेव्हा दार वाजवत बसू नकोस, मला उठायला वेळ लागतो. पुढच्या खोलीतली खाट उन्हात घातली आहे. डबा घासून ठेवला आहे, आतली रेघ पुसली. तिकीट लावलेले पाकीट सोबत आहे, तिकीट नवे आहे, जुने सोडवून चिकटवलेले नाही. येत्या सोमवारी पीठ एकीचे भरू की दोघींचे, तेवढे उलट टपाली कळव.