चिझुरूच्या काळोखात माझी बॅटरी

तीर्थस्वरूप फुमिएताईस,

ओसाकाहून धाकट्या तोकुजीचा कमरेत वाकून नमस्कार. भावोजींचे गुडघे आता जिना चढू देतात का? तू घातलेलं मुळ्याचं लोणचं संपलं. (हे मागणं नव्हे, नुसती बातमी.) दुकानात बटाट्याचे कोरोक्के खपताहेत, पण तळताना माझं लक्ष नाही. चिझुरू रविवारपासून तुझ्याकडे दार लावून बसलीय, ते का, हे तिने सांगितलं नसणार. मीच सांगतो.

तिच्या गाण्याच्या टोळीचा थाट तुला ठाऊक आहे: फाटके गणवेश, दंडाला बँडेज, गालांवर काजळाचे ओघळ. (मी नवे पायमोजे घेऊन दिले, तर कात्रीने फाडून म्हणते, "आता छान झाले, बाबा!") टोळीत प्रत्येक पोरीचा एक रंग असतो. तिचं गाणं आलं की चाहते हातातल्या दिव्याच्या दांड्या त्या रंगात पेटवतात. जिच्यासाठी कुणी काही करत नाही, तिला मालक वसंतात नारळ देतो. या धास्तीने मला झोप नव्हती, म्हणून तिला न सांगता तिच्या कार्यक्रमाला गेलो आणि खांबाआड उभा राहिलो. एकीला लालच लाल, दुसरीला निळंच निळं. मग आमची आली, मंचाच्या फळ्यांवर आडवी पडून कुजबुजल्यासारखी गायला लागली, आणि अख्खं सभागृह विझलं! माझे कान तिखट, पुढचा एक जण शेजाऱ्याला दटावताना ऐकला, "ए, विझव लवकर, हिचं आलं!" एवढा अपमान? मी खिशातली गोदामाची बॅटरी काढून झोत थेट तिच्या तोंडावर मारला आणि गिऱ्हाईक बोलावायच्या आवाजात ओरडलो, "चिझुरू, घाबरू नको! बाप आहे इथे!"

गाणं थांबलं. ती उठून आत गेली ती गेलीच. कानभर टाचण्या अडकवलेला एक पोरगा जवळ येऊन हळूच म्हणाला, "काका, तिचा रंग काळा. काळा दिवा कुठून आणायचा? म्हणून आम्ही विझवतो."

"सगळे?"

"सगळेच. असा गच्च काळोख इथे दुसऱ्या कुणासाठी होत नाही. म्हणजे, तुम्ही येईपर्यंत होता."

ताई, तेव्हापासून तेलात काय टाकतो, काय काढतो, मला कळत नाही.

तुझा,
तोकुजी

ता. क. मालकापुढे नाक घासून आलो. शनिवारी ती आली नाही, तर वसंताची वाट न बघता नारळ.

ता. क. सोबत ती बॅटरी धाडतोय, सेल काढून. तिच्या दाराशी ठेव. म्हणावं, शनिवारी बाबा हीच हातात धरून उभे राहणार, सगळ्यांसारखे.

ता. क. लोणच्याची बरणी भर आणि चिझुरूच्याच हाती पाठव. तिचं गाणं चालू असताना माझ्या तोंडात काहीतरी कोंबलेलं असणं बरं.