दीपेश कुणाच्या हद्दीत

।। श्री ।।
टेमघर, भिवंडी
४ ऑगस्ट २०२५

चि. मृणालीस मावशीचे अनेक आशीर्वाद.

परवा सकाळी पाणी लवकर आलं होतं. मी पिंप भरून घेतलं, तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, दीपेशच्या वडिलांच्या फोटोवरची धूळ पुसली. निजामपुऱ्यात लूमच्या कारखान्यावर सुताच्या कांड्या भरायला निघणार, तेवढ्यात तुझी आई अंबाडीहून दारात. आक्काने चपलाही काढल्या नाहीत. फोन माझ्या कानाला लावला.

तिच्या फोनमध्ये सगळी बोलणी आपोआप साठतात, तुला माहीत आहे. आदल्या दिवशी कुणी मुंबईचा पोलीस अधिकारी म्हणून तिला दमात घेत होता. तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडलेत, अटक नको असेल तर बँकेतलं सगळं तपासणीसाठी पाठवा, म्हणाला. तिने पाठवलं. आणि घाबरलेल्या माणसाने करू नये ते केलं. आपल्याकडे समोरच्याला विचारतात तसं विचारून बसली, साहेब, जेवलाव का. पलीकडून तोच आवाज, पण एकदम लहान झालेला. न्हाय गो मावशी. आणि फोन बंद.

माझा दीपेश. बँकॉकला कॉम्प्युटरची नोकरी म्हणून गेलेला. तिकडून एकदाच हळू आवाजात बोलला होता की नदीपलीकडच्या देशात नेलंय, पासपोर्ट काढून घेतलाय, दाराशी बंदूकवाले असतात. आणि म्हणाला, आई, या फोनवर काही बोलू नकोस, ते ऐकतात. म्हणून हे पत्र. तेव्हा मी पोलिसांत गेले होते. ते म्हणाले, मुलगा आपल्या मर्जीने गेलाय, पलीकडे नेल्याचा पुरावा काय.

आक्का म्हणाली, लेक साहेब झाला गो तुझा, पेढे कधी देतेस. मग दोघी रडलो.

तू कायदा शिकवतेस. तू इथे विसरलेलं पुस्तक मी दोनदा वाचलं. समुद्रात देशाची हद्द कुठवर ते त्यात आहे. पण बोलणारा तिकडे, फसलेली अंबाडीत, पैसे तिसरीकडेच. या फोनमधल्या जागेत हद्द कुणाची? आपले पोलीस जाऊन त्याला का आणत नाहीत? लवकर लिही. प्रकृतीला जप, आणि मावशीला मनातून काढू नकोस.

तुझी मावशी,
कमळा


पुणे
११ ऑगस्ट २०२५

ती. कमळामावशीस मृणालीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र मिळालं. आईच्या फोनमधला तो तुकडा तिने मलाही ऐकवला. आवाज त्याचाच आहे.

मावशी, फोनमधली जागा हवेत नसते. बोलणारा माणूस, त्याचं यंत्र, ती इमारत, सगळं कुणाच्या तरी जमिनीवर असतं, आणि तिथे त्या देशाची सत्ता. आपले पोलीस त्यांच्या परवानगीवाचून तिथे पाऊल टाकू शकत नाहीत. पण त्या सत्तेबरोबर एक जबाबदारीही येते. आपल्या जमिनीवरून दुसऱ्या देशाला इजा होते आहे हे ठाऊक असताना गप्प बसायचं नाही. हा नियम इंटरनेटलाही लागू आहे असं बरेच देश मानतात. काही म्हणतात, तसं बंधन नाही. तुला खोटा धीर देणार नाही. त्या नदीकाठी सरकारपेक्षा बंदूकवाल्यांचंच जास्त चालतं, हेही आहे.

तरी ‘ठाऊक असताना’ या शब्दांवरच सगळं अडलंय. आपल्या सरकारने त्यांना लेखी कळवलं पाहिजे, माणसाच्या नावासकट, पुराव्यासकट. पुरावा एकच, तो आवाज. नाव न देता दिलास तर तो हजारांतला एक भामटा. नाव दिलंस तर फसवणुकीच्या गुन्ह्यात आरोपी दीपेश. पळवून नेऊन ज्याच्याकडून गुन्हा करवला त्याला शिक्षा करू नये, असं तत्त्व आहे. पण ते कोर्टाला पटावं लागतं. आणि तक्रारीची कुणकुण तिकडे लागली तर ते त्याचं काय करतील, हे कुठल्याच पुस्तकात नाही.

आई ऐकत नाही. पैसे गेले तर गेले, पोराला चोर म्हणून नोंदवणार नाही म्हणते. फिर्याद मात्र तिचीच लागेल. काय करावं ते तुम्ही दोघींनी ठरवा. वर्गात उत्तरं देते, इथे माझा भाऊ आहे. रागावू नकोस, माया असू दे.

तुझी,
मृणाली


।। श्री ।।
टेमघर, भिवंडी
२० ऑगस्ट २०२५

चि. मृणालीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी दीपेशचा फोन आला. मोठ्याने, हसत बोलत होता. मजेत आहे, ड्युटी चांगली आहे, आई, कुठे तक्रार करू नकोस. मागून कुणीतरी हिंदीत त्याला एकेक वाक्य सांगत होतं, तेच तो मराठीत म्हणत होता. ते ऐकतायत हे ठाऊक असल्यामुळे मीही हसले. लूम बंद पडलेत, शेजारच्या चंद्राला मुलगी झाली, असलं सांगत राहिले. मध्येच त्याला खोकला आला आणि तो थांबेना. मागचा माणूस ओरडला. फोन गेला.

सोमवारी अंबाडीला गेले. आक्का माझ्यावर ओरडली. म्हणाली, पुस्तकं वाचून डोकं फिरलंय तुझं, आई हायस का वैरीण? उद्या सुटून आला तर विमानातून उतरताच बेड्या घालतील, आणि मुलगी कोण देईल त्याला? मी म्हटलं, बेड्या घालायला तरी तो इथे असेल ना. तुरुंगात मी डबा नेऊ शकते, नदीपलीकडे नाही. आरोपीला सरकार शोधतं, आक्का. हरवलेल्याला माझ्याशिवाय कोण शोधतंय?

ती म्हणाली, मारलं तर? तक्रारीपायी तिकडे मारलं त्याला तर? मी म्हटलं, तसं झालं तर ते माझ्यामुळे झालं असं तू म्हण, मी ऐकून घेईन. पण तो खोकला ऐकल्यावर गप्प बसणं माझ्याने होत नाही.

आक्का म्हणाली, आला की आधी मी कानाखाली देणार, मग पोलिसांनी काय ते करावं. रात्री तिच्याकडेच राहिले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी पोलीस ठाण्यात गेलो. आक्काने फोन दिला. हा आवाज कोणाचा, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी माझ्या मुलाचं नाव सांगितलं.

तुझी मावशी,
कमळा