शेवटची फळी

४ तारीख, सोमवार

आले एकदाची जहाजावर. दादा धक्क्यापर्यंत सोडायला आला होता आणि शिडीखाली उभा राहून मला नव्हे, पॅनेलना हात हलवत होता. वहिनीने त्याला घरीच बजावलं होतं, की मुलीची पाठवणी असल्यासारखा रडू नकोस, अॅल्युमिनियम आहे ते. रडला नाही. क्रेनवाल्यावर मात्र हळू, हळू म्हणून इतका ओरडला, की शेवटी क्रेनवाल्याने विचारलं, आत अंडी आहेत का.

जहाज मालवाहू आहे. जुनं, पण नीट राखलेलं. आमचं काम पुढच्या डेकवर. भर समुद्रात लाटा कठड्यावरून आत येतात आणि यंत्रं, साखळ्या, माणसं, सापडेल त्याला झोडपतात. त्यासाठी ही पॅनेलं: माणसाहून उंच, दोघांनी उचलावीत इतकी हलकी. कठड्यालगतच्या खांबांच्या खाचांत वरून सोडायची, खाली पिन घालायची. बंदरात काढून ठेवली की माल चढवायला डेक मोकळा. आरेखन माझं, घडण दादाची. त्याने पक्की नोकरी सोडून शेड टाकली तेव्हा घरात सगळ्यांची तोंडं वाकडी झाली होती. आता एका खऱ्या वादळात सगळी पॅनेलं जागेवर राहिली आणि त्याची मोजणी मी घेऊन गेले, तर प्रमाणपत्र मिळेल. नाहीतर शेड बंद. इतकं साधं आहे.

मला आत खोली देत होते. मी डेकवरचं रंगाचं जुनं कोठार मागून घेतलं. एक टेबल, एक गोल खिडकी, एकच दार, तेही डेकवर उघडणारं. दाराचा पत्रा सडला होता म्हणून दादाने पॅनेलच्याच तुकड्याचं नवं दार बसवून दिलं. मी त्यालाही ताणमापक चिकटवला. प्रत्येक पॅनेलवर असा एक मापक आहे आणि त्याची तार माझ्या टेबलावरच्या पडद्यापर्यंत येते. बाहेरून दाब आला की आकडा अधिक, आतून आला की उणे. पॅनेलवर आतून दाब येण्याचं कारण नाही, पण मापक दोन्ही बाजूंचं सांगतो.

आचाऱ्याने मला पहिल्याच जेवणात फळीताई केलं. दुसऱ्यांदा वाढताना म्हणाला, की फळीताईंनी जरा खावं, नाहीतर वारा त्यांना फळी समजून घेऊन जाईल. मी हसले नाही, पण वाईट वाटलं नाही.

६ तारीख, बुधवार

बंदर मागे पडलं. पॅनेलं बसवली. खलाशांचा मुकादम, ज्याला इथे सगळे सारंग म्हणतात, तो काम चोख करून घेतो. उगीच बोलत नाही.

पण शेवटचं पॅनेल बसवलं नाही. उजव्या बाजूचं, मागच्या टोकाचं, चौदा नंबरचं. ते ताडपत्रीखाली बांधून ठेवलंय. मला वाटलं विसरले. मी सांगितलं, तर सारंग म्हणाला, की ताई, ते राहू दे. शेवटची फळी आम्ही लावत नाही. का? तर म्हणे, पद्धत आहे. मी विचारलं, पाणी जायला म्हणून का, कारण पाण्यासाठी खाली मोऱ्या आहेत आणि त्यांचा हिशेब मी स्वतः केला आहे. तो म्हणाला, की पाण्याची काळजी नाही. मग कशाची, हे विचारेपर्यंत तो ताडपत्रीची गाठ आवळायला गेला.

मागे मिस्त्री उभा होता. हा जहाजाचा सुतार. आमच्याआधी दर सफरीला लाकडी फळ्या हाच करायचा. तो बोटाच्या पेराने माझं पॅनेल टकटक वाजवत होता, बाजारात भोपळा बघावा तसा. म्हणाला, फारच मजबूत आहे. कौतुक असं वाटलं नाही.

८ तारीख, शुक्रवार

कप्तानाकडे गेले. हा माणूस प्रश्नाला प्रश्नाने उत्तर देतो. मॅडम, जहाज तुमचं की सारंगाचं, असं मलाच विचारलं. मी म्हटलं, जहाज तुमचं. त्यावर त्याने खिडकीबाहेर बघत चहा संपवला.

मग आचाऱ्याला गाठलं, कारण त्याच्या पोटात काही राहत नाही. कांदे चिरता चिरता तो म्हणाला, की मोठी लाट कधीकधी डेकवर कोणाला तरी आणून टाकते. कोणाला, ते विचारायचं नाही. लाट आणते, पण परत नेत नाही. त्याला फळ्यांवर चढता येत नाही, चालत जावं लागतं. आंधळ्यासारखं फळ्या चाचपत जातं, मोकळी जागा सापडली की गेलं. म्हणून एक फळी मोकळी. मी त्याला विचारलं, की तुम्ही स्वतः पाहिलंय का. तो म्हणाला, छे हो फळीताई, त्या वेळी लोखंडी दार लावून आम्ही सगळे आत. पाहायला कोण जातंय? आणि कांद्याने भरलेले डोळे पुसले.

मला विचाराल तर हिशेब सोपा आहे. माझी पॅनेलं पास झाली की मिस्त्रीच्या लाकडी फळ्यांचं काम गेलं. एक पॅनेल कमी असेल तर चाचणी धरली जाणार नाही. चाचणी नाही, तर पॅनेलं नाहीत. यासाठी भुताची गोष्ट सांगायला काय लागतं? सारंग आणि मिस्त्री एका गावचे आहेत, हेही आज कळलं.

११ तारीख, सोमवार

सकाळी वाऱ्याने थोडं झोडपलं. वादळ नव्हे, पण दोन-तीन लाटा पॅनेलवरून आत आल्या. पॅनेलं हललीसुद्धा नाहीत. दादाला कळवलं. त्याचं उत्तर आलं, की जेवलीस का.

एक गोष्ट नोंदवते. लाटा थांबल्यावर एक नंबरच्या पॅनेलवर उणे दाब दिसला. थोडाच, कोणी तळहात टेकवावा इतका. मग एकचा गेला, दोनवर आला. मग तीन. असा क्रमाने पूर्ण डेकला वळसा घालून तेरापर्यंत. मग चौदाची मोकळी जागा. तिथे दाब संपला.

खिडकीतून पाहिलं. डेकवर कोणी नव्हतं, फेस होता.

तारा उलट जोडल्या गेल्या असतील असं वाटून सगळ्या तपासल्या. बरोबर आहेत. म्हणजे कोणीतरी त्यांना हात लावून त्या परत बरोबर केल्या. मिस्त्री सकाळपासून कुठे होता, हे मी तिघांना विचारलं. तिघांनी तीन जागा सांगितल्या.

१३ तारीख, बुधवार

उद्या वादळ आहे. कप्तानाने स्वतः सांगितलं. हीच माझी चाचणी. यानंतर हवा मोकळी, मग बंदर.

जेवणाच्या वेळी सगळे आत असताना मी दोन नवख्या खलाशांना घेऊन चौदा बसवलं, त्याची तार जोडली. त्यांना पद्धत माहीत नव्हती, किंवा माझ्या आवाजाला घाबरले. प्रत्येक पिनेला माझ्याजवळचं कुलूप लावलं. किल्ल्या माझ्या गळ्यात.

सारंगाला कळलं तेव्हा तो ओरडला नाही. हात जोडले. म्हणाला, ताई, तू माझ्या मुलीच्या वयाची आहेस, म्हणून सांगतो, काढ ते. मी म्हटलं, की वादळ संपल्यावर काढते. मिस्त्री म्हणाला, की मग ती खोली तरी सोडा, आत या. म्हणजे मी आत आणि तो कातर घेऊन डेकवर? इतकी मी दूधखुळी नाही. यंत्रं सोडून येणार नाही म्हणून सांगितलं.

दादा, उद्या.

१४ तारीख, गुरुवार

सकाळ. वादळ आलं. पॅनेलं उत्तम चालली आहेत. प्रत्येक लाटेला आकडे वर जातात आणि जागेवर येतात. सगळे अधिक. असंच हवं होतं. सारंगाच्या माणसांनी लोखंडी दार लावून घेतलं. डेकवर फक्त मी, माझ्या खोलीत.

दुपारच्या आधी. एक फार मोठी लाट आत आली. खिडकी काही वेळ हिरवी झाली. खोलीभर पेन्सिली पडल्या. पॅनेलं टिकली. सगळी.

मग एक नंबर उणे.

दोन. तीन. सोमवारसारखंच, सावकाश, न चुकता. मी खिडकीला नाक लावून बसले. डेकवर पाणी आहे, फेस आहे, साखळ्या आहेत. आणखी काही नाही. आकडा तेरावर आला. चौदावर आला.

चौदावर थांबला.

दुपार. अजून चौदावर आहे आणि वाढतो आहे. आता तळहात नव्हे. अख्खं माणूस खांदा लावून ढकलेल इतका. पॅनेल बाहेरच्या दाबासाठी खांबांना टेकलेलं असतं, आतल्या दाबाला फक्त पिना धरतात. पिना दादाने स्वतः वळवल्या आहेत, धरतील.

खिडकीतून चौदा दिसतं. त्याला बाहेरच्या अंगाला पोक येतंय. कपाळाच्या उंचीवर. एक, मग त्याच जागी पुन्हा. कोणीतरी डोकं आपटावं तसं. समोर कोणी नाही.

दाब सुटला. पुन्हा एकपासून सुरू. या वेळी भराभर.

मिस्त्री बाहेर आलाय. कुलूप कापायची मोठी कातर आहे हातात. म्हटलंच होतं. याच वेळेची वाट पाहत होता. कमरेला दोर बांधून आलाय. आधी माझ्याकडे वळला. दारावर थापा मारतोय. वाऱ्यात शब्द नीट ऐकू येत नाहीत. किल्ली मागतोय. पोरी, किल्ली दे, असं काहीतरी. दार उघडलं तर किल्ली हिसकावेल आणि दादाची सगळी मेहनत

उघडलं नाही.

कप्तानाला फोन केला, की तुमचा माणूस माझी चाचणी बिघडवतोय. कप्तानाने विचारलं, की तो पोचला का तुमच्यापर्यंत. पुन्हा प्रश्न.

थापा थांबल्या. तो चौदाकडे निघाला. आकडा सात. आठ. मिस्त्री साखळ्यांजवळून जातोय. आकडा नऊवर, आणि मिस्त्री नऊच्या समोर

आकडा थांबला. नऊवर नाही, कुठेच नाही. सगळे शून्य.

लाट आली.

कातर डेकवर पडली आहे. दोर आहे. दोराला कोणी नाही.

नंतर. आचाऱ्याचा फोन. रडत होता, की मिस्त्री कुठे आहे. मी सांगितलं, दिसत नाही. तो म्हणाला, तुम्हालाच आत आणायला गेला होता हो, आमचं ऐकेना. म्हणे पोर एकटी आहे बाहेर. मग त्याने विनवलं, की ताई, किल्ली तुमच्याकडेच आहे, तुम्हीच काढा आता ते. इथून कोणी येणार नाही. कोणाला शिव्या देत होता, कळलं नाही. बहुधा मला.

त्याचं म्हणणं बरोबर आहे. मी लावलं, मी काढायला हवं.

आकडा पुन्हा चौदावर आहे. ढकलतंय.

जाते. प्रमाणपत्र राहू दे.

जमलं नाही. दार उघडलं आणि त्याच क्षणी चौदाचा दाब सुटला. पडद्याकडे वळून बघेपर्यंत लाट अंगावर. गुडघाभर पाणी खोलीत. किल्ल्या आहेत गळ्यात. दार ओढून घेतलं, कडी लावली.

शून्य. एक ते चौदा, सगळे शून्य.

गेलं असेल का. लाटेबरोबर. आचारी म्हणाला होता लाट परत नेत नाही — पण त्याला काय माहीत, त्याने पाहिलं नाही —

वारा पडतोय. खिडकीत उजेड आहे. पॅनेलं टिकली. चौदालाही फक्त पोक आहे. दादा, सगळी टिकली. पिनासुद्धा. तुला सांगायचं आहे, की

पाणी मोरीतून उतरतंय. टेबलाखालचं मात्र उतरत नाहीये —

पडद्यावर एक आकडा हलला. पॅनेलचा नाही. शेवटची ओळ. दार.

बाहेरून असेल तर अधिक. सारंग आला असेल. थाप ऐकू आली नाही, पण

उणे.

उणे, म्हणजे आतून. कोणीतरी आतून दाराला तळहात टेकला आहे. मी टेबलाशी आहे. दारापासून दूर आहे. मी हात

दाब सुटला. दारावर आता शून्य आहे. भिंतीला मापक नाही. भिंतीवरून ते कुठवर आलंय मला कळणार नाही. दारानंतर भिंत, भिंतीनंतर टेबल, टेबलानंतर मी, त्याला मोकळी जागा हवी आणि इथे कुठेच