चार बोटं अंतर

मंगळवार, ४ मार्च

डॉक्टर सरळच बोलले. "वर्षात दोनदा बेशुद्ध पडलात. तिसऱ्यांदा पडलात तर लढतीच्या लायसन्सच्या कागदावर माझी सही मिळणार नाही. आणि सहीचंही सोडा हो, डोकं एकच असतं माणसाला!"

बायको बाहेर थांबली होती. ती स्वतः हॉस्पिटलात एक्स-रे काढते, तिला माझ्या डोक्याचे फोटो माझ्याआधी समजतात. बसमधून उतरताना म्हणाली, "भिंतीला तडा गेला की तू आधी पुट्टी भरतोस. नुसता रंग फासून पुढे जात नाहीस."

बरोबर आहे. मी रंगारी आहे, मला हे दुसऱ्याकडून ऐकायची वेळ यायला नको होती.

बुधवार, ५ मार्च

दिवसभर एका शाळेचा जिना रंगवला. संध्याकाळी जिममध्ये गेलो, कोचना डॉक्टरांचं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पाच मिनिटांत बातमी दिली — लढत ठरली! २६ एप्रिल. समोर हातोडा.

हातोडा म्हणजे आठ लढती, आठही पहिल्याच राऊंडमध्ये संपवलेला माणूस. खरं नाव कुणी घेतच नाही.

"घाबरलास?" कोच.

"नाही."

"मग झालं! तो मारायच्या आत आपण मारायचं."

मागच्या दोन्ही वेळी हेच ठरलं होतं.

रविवार, ९ मार्च

सासूबाईंकडे जेवायला गेलो होतो. त्यांनी मुलींच्या शाळेत तीस वर्षं तलवारबाजी शिकवली. आता निवृत्त, गुडघ्याला पट्टा. माझी एकही लढत त्यांनी कधी पाहिली नव्हती, काल मुलीकडून शेवटच्या लढतीचा व्हिडिओ मागवून घेतला. ताटं उचलल्यावर म्हणाल्या —

"जावईबापू, एक विचारू? तुम्ही त्याच्यापर्यंत दर वेळी स्वतः चालत जाता?"

"लढायचं म्हटल्यावर जावं लागतं ना."

"मला आपलं वाटलं, पत्ता विचारत विचारत मार खायला निघाला आहात."

बायको स्वयंपाकघरात इतकी हसली की हातातली वाटी पडली!

मग मला गच्चीवर नेलं. माझ्या टेम्पोतली रोलरची काठी मागवली, टोकाला ब्रश बांधला, पांढऱ्या रंगात बुडवला. "चला, मला हात लावून दाखवा."

चौसष्ट वर्षांच्या बाईला हात लावायला मला काय लागतं? पाच मिनिटांनी माझ्या काळ्या टी-शर्टवर एकतीस ठिपके होते. कपाळावर तीन वेगळे. मी त्यांना एकदाही शिवू शकलो नाही. एकदाही! आणि त्या धापसुद्धा टाकत नव्हत्या.

हे काय होतं??

मंगळवार, ११ मार्च

कामावरून थेट गच्ची. आज काठी नाही, नुसतं उभं राहायचं.

"हात पुढे करा. पूर्ण. आता मी जिथे आहे तिथे तुमचा हात पोचतो का?"

"नाही. थोडक्यात हुकतो."

"चार बोटांनी हुकतो. ही चार बोटं म्हणजे आपलं सगळं. याहून लांब गेलात तर ते पळणं झालं, लोक हसतील. याहून जवळ आलात तर डॉक्टरांना भेटाल."

मी म्हटलं, नुसतं मागे सरकून जिंकता येतं का? तर म्हणाल्या, "मागे कोण सरकायला सांगतंय? त्याचा हात तुमच्यासमोर येऊन संपला की तो क्षणभर उघडा असतो. पाहुणा दारात येऊन चपला काढायला वाकतो ना, तसा. तेव्हा बोलायचं त्याच्याशी."

घरी आल्यावर आरशासमोर तासभर पाऊल टाकलं. अर्धं पाऊल मागे, अर्धं बाजूला. बायको म्हणाली, घसरतो आहेस की नाचतो आहेस?

सोमवार, १७ मार्च

जिममध्ये सांगितलं. सांगायला नको होतं. "सासूकडून?" कोच इतके हसले की बाकावर बसले. आता अख्खी जिम मला 'जावईबापू' म्हणते.

मग सरावात कोच स्वतः समोर उभे राहिले, धडा शिकवायला. तीन मिनिटांत त्यांनी चाळीसेक ठोसे मारले असतील. मला लागले चार. शेवटी त्यांनी ग्लोव्हज गुडघ्यांवर टेकवले. दम लागला होता त्यांना. मला नव्हता!

"लागलेला ठोसा समोरच्यावर थांबतो," ते हळूच म्हणाले. "चुकलेला स्वतःच ओढून परत आणावा लागतो. मरायला होतं रे!"

मग पाणी प्यायले आणि विचारलं, "कधी येतील तुझ्या सासूबाई?"

बुधवार, २६ मार्च

आल्या! पांढरे बूट, केस घट्ट बांधलेले, हातात माझीच काठी. कोचनी खुर्ची पुसून दिली.

पण आज एक भोक सापडलं. तलवारबाजीत कोणी पाय धरून पाडत नाही. आमच्या जाळीतल्या लढतीत ठोसे, कोपर, कुस्ती सगळं चालतं, इथे धरतात. हातोडा हमखास धरणार. कोचनी दाखवलं — तो खाली वाकला की माझे दोन्ही पाय झटक्यात मागे, कंबर खाली, छातीचा सगळा भार त्याच्या पाठीवर. आणि पडलोच तर जाळीला पाठ लावून, एक हात जमिनीवर टेकवून उठायचं, पडून राहायचं नाही.

सासूबाई बघत होत्या. "म्हणजे हा माणूस हातानेही येतो आणि डोक्यानेही?"

"हो, बाई."

"मग चार बोटांच्या जागी सहा ठेवा. तो वाकायच्या आधी त्याचा खांदा बोलेल. खांदा बघायचा, डोळे नाहीत. डोळे खोटं बोलतात."

कोच वहीत लिहून घेत होते. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

गुरुवार, ३ एप्रिल

नऊ ठिपके. आज बायकोने काठी हातात घेतली. आईपेक्षा दुष्ट आहे.

शनिवार, १२ एप्रिल

लढतीचे आयोजक जिममध्ये सराव बघायला आले. दहा मिनिटांत कंटाळले. "लोक तिकीट काढतात ते पळापळ बघायला नाही. जरा भिडा की!"

कोच काही बोलणार तोच सासूबाई उठल्या. "लोकांना उभं राहून मार खाणारा बघायचा असेल तर त्यांनी आपापले जावई पाठवावेत. आमचा हा एकच आहे."

आयोजक गेले. मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. लग्नाला सहा वर्षं झाली. मी रंगारी, वर मारामारी करणारा, म्हणून सुरुवातीला त्या माझ्याशी मोजकं बोलायच्या. आज "आमचा" म्हणाल्या.

शनिवार, १९ एप्रिल

दोन ठिपके. दोनच!

शुक्रवार, २५ एप्रिल

लढतीआधीचं वजन झालं. हातोड्याने कपाळ माझ्या कपाळाला टेकवलं, फोटोवाले खूश. "पहिलं मिनिट," तो म्हणाला. मानेचा घेर माझ्या मांडीएवढा. पण मी काय बघत होतो? त्याचा खांदा. बोलायच्या आधी उजवा खांदा वर उचलतो! सासूबाईंना फोन केला तर म्हणाल्या, मलाही दिसलं टीव्हीवर, आता झोपा.

बायकोची उद्या ड्युटी आहे. ती लढतीला कधीच येत नाही. मीही कधी आग्रह करत नाही. झोप कसली येतेय!

रविवार, २७ एप्रिल

जिंकलो! जिंकलो! जिंकलो!

सगळं लिहून ठेवतो, विसरायच्या आत. काल संध्याकाळी सहाला आत गेलो. जाळीचं दार मागे लागलं. कोपऱ्यात कोच, त्यांच्या शेजारी सासूबाई, गळ्यात 'सहायक' लिहिलेला बिल्ला. दारावरच्या माणसाने त्यांना तीनदा अडवलं म्हणे.

घंटा झाली आणि तो धावतच आला. खांदा उचलला — मी नव्हतो. दुसरा ठोसा, वाऱ्याचा आवाज कानाजवळून गेला. तिसरा. मी अर्धं पाऊल बाजूला आणि त्याच्या नाकावर एक साधी सरळ डावी. जोराची नाही. "मी इथे आहे" एवढंच सांगणारी. लोक ओरडायला लागले, "भिड! पळपुट्या!" पूर्वी मी असं ऐकून पेटायचो आणि सरळ आत घुसायचो. काल मला मजा वाटत होती! तो जितका पेटेल तितकं बरं. तीन मिनिटं झाल्यावर त्याने वाकून माझ्या पायांवर झडप घातली — पाय मागे, कंबर खाली, त्याचं तोंड मॅटवर. परत आला, परत तेच. पाच मिनिटांचा राऊंड संपला तेव्हा तो तोंड उघडं टाकून श्वास घेत होता. पहिल्या राऊंडच्या पुढे तो आयुष्यात गेला नव्हता.

"त्याला पुढचं माहीत नाही," कोच कानात ओरडले. "आपल्याला माहीत आहे!"

दुसऱ्या राऊंडचं फार काही लिहिण्यासारखं नाही. तो येत राहिला, मी हलत राहिलो. पटकन संपला. मधल्या मिनिटात सासूबाईंनी माझी हनुवटी धरून डोळ्यांत पाहिलं. "कुठे आहात?" "तुमच्यासमोर." "किती बोटं?" "सहा." मग त्यांनी सोडलं.

तिसरा! ओरडणारे आता गप्प झाले होते. म्हणजे त्यांनाही कळायला लागलं होतं. हातोड्याचे हात कमरेशी आले होते, खांदा एवढा सावकाश उचलायचा की मला वाटलं मधे एक भिंत रंगवून होईल. आणि मग तो सगळा जीव एकवटून आला, उजवा हात मागून फिरवत. हात माझ्यासमोर संपला. सहा बोटं आधी. तो पुढे झुकलेला, हनुवटी उघडी. मी उजवा सरळ सोडला. आवाजही मोठा झाला नाही. तो खाली बसला, दमलेला माणूस ओट्यावर बसतो तसा. मी पुढे धावलो नाही. रेफरीने त्याच्याकडे पाहिलं, दोन्ही हात हलवले. संपलं!!

छप्पर उडेल असा आवाज. मघाशी शिव्या देणारे उभे राहून टाळ्या वाजवत होते. कोच मला उचलायला गेले, कमरेत उसण भरली. हातोडा शुद्धीवर आल्यावर स्वतः आला, मिठी मारली. म्हणाला, "तू होतास कुठे? मी पंधरा मिनिटं तुला शोधतोय."

सासूबाई शेवटी आल्या. रुमालाने माझं तोंड पुसलं. म्हणाल्या, "डावा पाय अजून उशिरा उचलता."

बायकोला फोन केला तर ती रडत होती की हसत, कळेना.

मंगळवार, २९ एप्रिल

आयोजक स्वतः जिममध्ये आले! अजिंक्यपदाच्या पट्ट्याची लढत. ऑगस्टमध्ये, चॅम्पियनशी. कराराचा कागद देऊन गेले. मी छत्तीस वर्षांचा आहे, बारा वर्षं या कागदाची वाट बघतोय! आज एका दवाखान्याची भिंत रंगवत होतो, अर्धी भिंत दोनदा रंगवली. कोच म्हणतात चॅम्पियनही हातोड्यासारखाच, सरळ धावणारा. कसं लढायचं ते मला दिसतंय, पायऱ्या दिसाव्यात तसं!

सासूबाईंनी गुरुवारी दुपारी बोलावलं आहे. सगळी लढत नीट बघायची म्हणतात. एकट्याने या म्हणाल्या.

गुरुवार, १ मे

दुसऱ्या राऊंडला सव्वा मिनिट उरलं असताना त्याचं कोपर माझ्या कानशिलावर बसलं. व्यवस्थित बसलं. मला ते आठवत नाही. त्यानंतरचं मिनिटभरही नाही. पडद्यावरचा मी मात्र बरोबर सरकत होतो, खांदा बघत होतो, एकदा पाय मागे टाकून त्याची झडपही अडवली.

सासूबाईंनी टीव्ही बंद केला. "पायांना येत होतं, जावईबापू. म्हणून उभे राहिलात."

पट्ट्याच्या लढतीचा कागद समोर आहे, आणि डॉक्टरांचं 'तिसऱ्यांदा' आठवतंय. सही केलेली नाही. बायको सहाला येते, आधी तिला सांगणार.