कॅचर पीत नव्हता

सर,

तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली आणि एवढ्या काळात मी तुमच्याशी मनातल्या मनातसुद्धा धड बोललो नाही. आज लिहायला बसलोय ते आठवण आली म्हणून नव्हे, आठवण रोजच येते. मला तुमचा राग आलाय. त्याहून जास्त स्वतःचा आलाय, आणि हे सांगावं असं माणूस मला या देशात कोणी नाही. मी अबूधाबीत असतो हे तुम्हाला ठाऊक होतंच. अजून तिथंच, मुसफ्फ्याच्या औद्योगिक वसाहतीत, त्याच फॅब्रिकेशनच्या कंपनीत दुसऱ्यांनी केलेलं वेल्डिंग तपासतो आणि खाली सही करतो. नवीन म्हणाल तर एवढंच की इथं आता व्यावसायिक बेसबॉल आलंय. वाळूवर हिरवं गवत अंथरलंय आणि जगभरातून पगारी खेळाडू आणलेत. सुट्टीच्या दिवशी दुबईला जाऊन मी त्यांच्या मॅचेसना स्कोअरर म्हणून बसतो. पहिल्याच मॅचला तिथल्या एका गोऱ्या साहेबाने माझं स्कोअरबुक उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, हे कुठं शिकलास? म्हटलं, कऱ्हाडजवळच्या एका गावात, सरांच्या स्वयंपाकघरात. त्याला ती गंमत वाटली.

गंमत नव्हती. शाळेच्या मैदानावर आपल्या बेसबॉल टीमची मॅच चालू असताना पेन्सिलने लिहायचं आणि घरी येऊन तुमच्या देखत शाईने गिरवायचं, ही तुमची पद्धत. काकू स्टोव्हपाशी भाकऱ्या थापत असायच्या, मी पाटावर मांडी घालून बसायचो आणि तुम्ही माझ्या खांद्यावरून एकेक चौकोन बघायचात. एकदा आपल्या कॅचरच्या, म्हणजे फलंदाजामागे चेंडू झेलायला बसणाऱ्या माझ्या दोस्ताच्या, नावावर मी एक हिट जास्त लावली होती. चेंडू समोरच्या पोराच्या हातातून सुटला होता, म्हणजे ती त्याची एरर, याची हिट नव्हे. तुम्ही वही माझ्यासमोर आपटलीत. "दोस्त आहे म्हणून हिट देतोस? झालं ते लिहायचं. तुला काय व्हायला हवं होतं ते तुझ्या घरी जाऊन लिही." मी रबर घेतलं तर तेही हिसकावून घेतलंत. खोडायचं नाही. चुकीवर एकच रेघ, अशी की खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर काय ते, आणि शेजारी स्वतःची सही. कोण चुकलं तेही कळू दे, म्हणालात. त्या दिवाळीला तुम्ही मला शाईचं पेन दिलंत. खेळात मी भोपळाच होतो, सर, पण त्या पेनामुळे मी नऊ जणांत दहावा झालो आणि फार सुखात होतो.

त्याच स्वयंपाकघरात, लोणच्याच्या बरण्यांमागे, बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा. राज्य स्पर्धेला चार महिने आहेत. तुम्ही डबा काढता, सुई उकळता, पोरं एकामागोमाग येऊन चड्डी वर करून मांडी पुढे करतात. वर गोळ्या, त्या जेवणानंतर. काकू तेवढ्यापुरत्या बाहेर जाऊन बसतात. कुणाला किती, कुठल्या तारखेला, हे मी वेगळ्या वहीत लिहितो, कारण डोस चुकायला नको. मला तुम्ही कधी टोचलं नाहीत, मी कशाला लागतोय. कॅचर एकदा म्हणाला, "सर, हे नक्की कशाचं?" तुम्ही म्हणालात, "टॉनिक आहे. शंका असेल तर ग्लव्ह ठेव आणि घरी जा." तो ओशाळला. त्याला घरी जायचं नव्हतं, खेळाडूंच्या कोट्यातून पोलिसात लागायचं होतं. बहीण लग्न होऊन गेलेली, घरात तो, त्याची आई आणि दुसऱ्यांच्या रानातली मजुरी, एवढंच होतं. गोळ्यांच्या खोक्यातला कागद इंग्रजीत होता. त्याला इंग्रजी येत नव्हतं, मला येत होतं. लिव्हर हा शब्द मी त्यावर तीन वेळा वाचला आणि तुम्हाला विचारलंही. तुम्ही हसलात. "अरे, डोकेदुखीच्या गोळीच्या कागदावरपण असंच लिहिलेलं असतं." माझं समाधान झालं असं मी ठरवून टाकलं.

स्पर्धा आपण जिंकलो. कॅचरने मारलेले चेंडू कुंपणापलीकडच्या उसात जाऊन पडले, ते शोधायलासुद्धा कोणी गेलं नाही. मी सगळं शाईने गिरवलं. चौघं पोलिसात लागले. कॅचरचा कॉल यायच्या आधी त्याचे डोळे पिवळे झाले. मग पोटात पाणी झालं, हातपाय काटक्यांसारखे आणि पोट तेवढं वर. जिल्ह्याच्या दवाखान्यात पहिला प्रश्न, पितो का? तिथून गावात यायला त्या प्रश्नाला कितीसा वेळ लागणार. गेला तेव्हा बावीस वर्षांचा होता. तेराव्याला माणसं बसली होती आणि तुम्ही, सर, तुम्ही सगळ्यांच्या देखत म्हणालात, "पोरगा गुणी होता. संगत वाईट लागली." त्याची आई भिंतीला टेकून बसली होती. मी तुमच्या शेजारी मूग गिळून उभा होतो. घरी परतल्यावर तुम्ही ती दुसरी वही मागितलीत, चाळलीत, आणि परत माझ्याच हातात देऊन म्हणालात, बंबात घाल. मी घातली. ज्या माणसाने मला साधं रबर वापरू दिलं नाही त्याच्या अंघोळीचं पाणी मी त्या दिवशी त्या वहीवर तापवलं.

हे सगळं आत्ता वर आलं त्याला कारण घडलं. गेल्या महिन्यात लीगवाल्यांनी जुमेरा लेक टॉवर्समधल्या ऑफिसात आम्हा तिघांना बसवलं. एक म्हातारा अमेरिकन कोच, एक लाहोरचा अंपायर आणि मी. मैदानावर सन्मानाची भिंत करायचीय, थोर खेळाडूंच्या तसबिरी लावायच्या, आणि त्यातल्या एका मोठ्या फलंदाजाने स्टेरॉइड घेतल्याचं स्वतःच कबूल केलेलं आहे. लावायचा की नाही? कोच म्हणाला, त्या काळात घेणारे पुष्कळ होते, आम्हाला दिसत होतं, कुणी विचारलं नाही, आता त्या एकट्याला कशाला धरता. अंपायर म्हणाला, "भाईजान, नाम काट दो, खलास." मग माझी गाडी सुटली. म्हटलं, नाव कापणं हेही खोटंच. चेंडू कुंपणापलीकडे गेला होता, लोकांनी पाहिला होता, तो आता परत कसा आणणार? आणि गप्प बसून हार घालणं हे दुसरं खोटं. तसबीर लावा, आकडे ठेवा, आणि त्याच अक्षरांत खाली लिहा की याने काय घेतलं आणि कधी कबूल केलं. चांदणीची खूण करून कोपऱ्यात बारीक टीप नको, ती कोणी वाचत नाही. पूर्ण वाक्य पाहिजे. सर, तुमचेच शब्द मी इंग्रजीत बोलत होतो आणि सगळे माना डोलवत होते. "यल्ला, चला, हेच लिहून आण," म्हणाले. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

घरी मी मराठीत सांगत होतो आणि मुलगी इंग्रजीत टाइप करत होती. ती इथंच वाढली, मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत देते. शेवटच्या मुद्द्यापाशी थांबली. "बाबा, अँड व्हॉट अबाउट द पीपल हू न्यू?" ज्यांना माहीत होतं त्यांचं काय? मी म्हणालो, म्हणजे कोण? तर म्हणे डॉक्टर, कोच, पेपरवाले, रेकॉर्ड ठेवणारे. खेळाडूने एकट्याने थोडंच केलं. मी म्हणालो, ते नंतर बघू, आधी एवढं पाठव. तिने खांदे उडवले आणि पाठवून दिलं. तिला काय कल्पना, ती कुणाला विचारत होती.

चार दिवसांनी गावाहून फोन आला. पोलिसात लागलेल्या आपल्या त्या चौघांतला एक, आता मुदतीआधीच रिटायर झालाय. शाळेच्या मैदानाला तुमचं नाव देतायत. कमान उभी राहिलीय, आत जिंकलेल्या टीमचा बोर्ड लागणार. माझ्याकडून तुमच्यावर दोन ओळी हव्यात. मग सहज म्हणाला, "कॅचरचं नाव घेत नाही बरं का. लहान पोरं वाचणार, दारुड्याचं नाव कशाला. राखीवमधल्या एकाचं टाकतो." मी म्हणालो, तो पीत नव्हता. मी पुन्हा म्हणालो, पीत नव्हता, तुला माहीत आहे, मला माहीत आहे, तुझ्याही मांडीत तेच जात होतं. तो हळू आवाजात म्हणाला, "सर गेले, तो गेला. आता कशाला उकरतोस? आणि पुरावा काय आहे तुझ्याकडं?" पुरावा बंबात गेला होता. मी फोन ठेवला. इथं ज्याने समजून उमजून घेतलं त्याची तसबीर भिंतीवर लावायची की नाही यावर आम्ही कॉफी पीत तीन-तीन तास बोलतो, आणि तिथं ज्याला टॉनिक म्हणून टोचलं त्याचं नाव पुसून टोचणाऱ्याच्या नावाची कमान. दोन ओळी मी पाठवल्या नाहीत. म्हणून बोर्ड अडणार नाही, हेही मला कळतं.

त्या शुक्रवारी दुपारी कंपनीच्या यार्डाबाहेर गाडीत बसून मी त्याच्या आईला फोन लावला. मावशी आता लेकीकडे असतात, ऐकायला कमी येतं, त्यामुळे मला ओरडून सांगावं लागलं. ज्या गोष्टीवर मी तीस वर्षं गप्प होतो ती मी बंद काचेच्या गाडीत ओरडून सांगत होतो. मावशी, तो पीत नव्हता. सर त्याला ताकदीचं औषध देत होते, त्यानं त्याचं लिव्हर गेलं. त्यांनी मला ते पुन्हा एकदा, सावकाश सांगायला लावलं. मग म्हणाल्या, "मी विचारलं हुतं त्याला. जायच्या आदल्या दिशी. म्हनलं, खरं सांग, किती ढोसलीस. त्यो म्हनला, आये, तुझी शपत, थेंब न्हाई. मी त्वांड फिरवलं त्याच्याकडनं." रडल्या नाहीत. मलाच रडू येत होतं आणि ते त्यांना ऐकू जाणार नव्हतं, तेवढं बरं. मग त्यांनी विचारलं, "तुला कवा कळलं रं हे?"

मी म्हणालो, "परवाच, मावशी. परवा कळलं."

"लगीच सांगितलंस. देव तुझं भलं करंल, बाबा," त्या म्हणाल्या, आणि मी हो म्हणालो.

सर, तुमच्यावर जे टाकायचं ते मी सगळं टाकलं, त्यात खोटं काही नाही. फक्त माझा भाग, ती वही आणि तो कागद, तुमच्या नावाखाली घालून टाकला. खरं म्हणजे हे सगळं मावशींना लिहायला हवं, त्यांची लेक वाचून दाखवेल. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्हाला लिहिलेलं कुठं पाठवावं लागत नाही.