गिसबर्टचा कोट अस्सल होता

मी, रायनहोल्ट वेस्सेलिंग, वय ८३, निवृत्त शिंपी, राहणार हाटिंगन, हे स्वहस्ते लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांची चौकशी करत नाही. कोणाचा दबाव नाही. दबाव टाकणारी एकच होती, माझी पत्नी इर्मट्राउट, ती नऊ वर्षांपूर्वी गेली.

कलम १. राहते घर इर्मट्राउटची भाची आंके हिला. मागचे नासपतीचे झाड तोडू नये. शेजारणीने कितीही सांगितले तरी तोडू नये.

कलम २. पहिल्या महायुद्धानंतरच्या फ्रायकोर या निमलष्करी टोळ्यांचे एकोणीस गणवेश गावच्या संग्रहालयाला. या टोळ्यांनी १९२० साली आपल्याच भागातल्या मजुरांवर गोळ्या झाडल्या, हे पाटीवर ठळक लिहावे. मी यातला एकही कधी अंगात घातला नाही. शिंप्याला कोट आतून बघायचा असतो. जो घालून आरशासमोर उभा राहील त्याला बटणही मिळू नये.

कलम ३. कात्र्या आणि भिंग आंकेला. मोठ्या कात्रीने कागद कापलास तर मी परत येईन.

कलम ४. हे जड जाते आहे. १९९४ साली माझा जिवलग मित्र गिसबर्ट क्नापमान याने आजोबांचा फ्रायकोर कोट तपासायला आठवडाभर माझ्याकडे दिला. गुरुवारी गुत्त्याच्या मागच्या खोलीत आम्ही सारे गणवेशांचे संग्राहक जमलो. दिवे मालवून मी अतिनील दिवा लावला. जुने कापड त्याखाली काळोखे राहते, आजचा शिवणीचा धागा चमकतो. कोट निळाशार उजळला. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "नकली! गिसबर्ट, तुझ्या आजोबांनी हा नाटक कंपनीतून ढापला." सगळे हसले. गिसबर्ट कोट काखोटीला मारून गेला तो पुन्हा बोललाच नाही.

जाण्याआधी इर्मट्राउटने इस्पितळात सांगितले, "रायनहोल्ट, त्या कोटाला इतका घाण वास येत होता, की मी साबणाच्या पावडरीत बुचकळून काढला. सांगितलं असतं तर तू जेवला नसतास."

आजची पावडरही त्या दिव्याखाली चमकते. नुसती शिवण उजळली तर कोट नकली, अख्खा उजळला तर धुतलेला. हे नवशिक्यालाही कळते. मला कळले नाही, कारण हशा मिळत होता. कोट अस्सल होता. आजोबा त्या टोळीत होते, त्यात मिरवण्यासारखे काही नाही, पण ते खोटारडे नव्हते. नऊ वर्षे हे मी गिळून बसलो. मला लाज वाटते.

माझ्या मृत्यूनंतर हे कलम आंकेने त्याच खोलीत मोठ्याने वाचावे.

कलम ५. अतिनील दिवा गिसबर्टला. पण साक्षीदारालाच वारसा दिला तर लोक नाक मुरडतील, आणि नकली ओळखणारा साक्षीदार मला दुसरा ठाऊक नाही. म्हणून दिवा आजच देतो. मी निरोप धाडला, तो आला, समोर बसला आहे. कलम चार त्याने दोनदा वाचले, आता कॉफी मागतो आहे.

हाटिंगन, १४ ऑक्टोबर २०१९
(सही) रायनहोल्ट वेस्सेलिंग

साक्षीदार १: हिल्डेगार्ड टिगेस, शेजारीण. दोघांच्या आरडाओरड्यामुळे आले. झाडाबद्दल माझी हरकत कायम आहे.

साक्षीदार २: गिसबर्ट क्नापमान. सही माझ्या दिव्याखाली तपासली, अस्सल आहे. सही करणारा गाढव आहे, तोही अस्सल. कलम चार आंके वाचणार नाही. रायनहोल्ट, येत्या गुरुवारी तू स्वतः येऊन वाच. तुझ्या मरणाची वाट बघत बसायला मला वेळ नाही. मी कोट घेऊन येतो.