शेडमधली जळकी टू-सीटर

१८ ऑक्टोबर २००२, शुक्रवार. सेलू

गाडी जळून तीन दिवस झाले. शेडमध्ये अजून जळक्या रबराचा वास. सूनबाईने दोनदा फिनेल टाकलं. आता फिनेल अधिक रबर असा वास येतो.

संजू सकाळी म्हणाला, "आई, भंगारवाल्याले बोलावू का? खताची पोती उघड्यावर पडून राह्यली." मी म्हटलं, थांब. "काऊन?" का ते राहू दे, पोहे घे म्हटलं.

ह्यांची गाडी. विलायती, दोन सीटची, वरून उघडी, लाल. नागपूरच्या मिलचा साहेब मायदेशी परत गेला तेव्हा ह्यांनी घेतली, आमच्या लग्नाच्या दोन वर्षं आधी. म्हणजे ह्या घरात ती मला सीनियर.

१९ ऑक्टो., शनि.

काकूबाई येऊन गेल्या. ह्यांच्या काकू, वय ऐंशीच्या पुढे, जीभ पंचवीसची. समाचाराला आल्या म्हणे. "मी तवाच म्हटलं होतं, आरतीचं ताट प्रभाकरच्या हाती दे. नवरा नसलेल्या बाईनं..." वाक्य पुरं केलं नाही. सूनबाई चहा घेऊन उभी होती, तिनेही ऐकलं. चहा दोन कप प्यायल्या अन् गेल्या.

काय झालं ते एकदा लिहून टाकते, म्हणजे डोक्यात घोळणार नाही. ह्यांना जाऊन तेरा महिने झाले. वर्षश्राद्ध झालं, म्हणून यंदा दसरा करायचा ठरलं. भाऊजी, म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ प्रभाकर, आंजीहून सकाळीच आले. गाडी धुतली. वर्षभर उभी होती, चालूच होईना. तासभर खाटखूट केली तेव्हा कुठे भडभडली. चालू करणं भाग होतं, कारण ह्यांचा नेम होता: बंद गाडीची पूजा नाही. इंजिन सुरू, बॉनेट बंद, वर स्वस्तिक, झेंडूची माळ, मग आरती. भाऊजींनी ताट उचललं. मी ते त्यांच्या हातून घेतलं. बॉनेटवर वाटीत कापूर लावला, तीनदा ओवाळलं असेल, तर बाजूच्या जाळीतून धूर. मग जाळच. संजूने बादल्या ओतल्या, शेजारच्यांनी ओली पोती टाकली. पंधरा मिनिटांत सगळं आटोपलं.

ताट का घेतलं? दर दसऱ्याला तेच ताट धरलं मी. ह्या वर्षी माझ्या हाताला काय झालं? राग आला होता, म्हणून घेतलं. दुसरं काही नाही.

२१ ऑक्टो.

पलीकडच्या आळीत डोहाळजेवण. सूनबाईला बोलावणं, मला नाही. ते तर तेरा महिने नाहीच, सवय झाली. पण ह्यावेळी निरोपासोबत शेपूट होतं. "तुमच्या घरचं ताट नका आणू, आमच्याकडचंच वापरू." सूनबाई गेलीच नाही. म्हणाली, डोकं दुखून राह्यलं. मी तिला जा म्हटलं नाही.

चक्कीवर गेले तर बोलता बोलता दोघी गप्प. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं गाव आहे. मी दळण टाकून घरी आले.

२३ ऑक्टो., बुध.

वर्ध्याहून मिस्त्री आले. मीच निरोप धाडला होता. ह्या गाडीचे तेच एक डॉक्टर. सावंगीच्या रस्त्यावर त्यांचं गॅरेज, आता कॉलेजच्या पोरांच्या मोटारसायकली करतात. चष्मा जाडा झालाय. चप्पल शेडच्या बाहेर काढली. अर्धा तास फिरत होते गाडीभोवती. मयताच्या घरी येतो तसा माणूस.

मग सांगितलं. सीटा, वायरिंग, मीटर गेले. बॉडीच्या आतला लाकडी सांगाडा पुढून कोळसा. मागचा भाग वाचला. चेसिस सरळ आहे का ते सूत लावून पाहावं लागेल. इंजिनचं हेड तडकलं असेल तर मग गोष्टच संपली.

"पानी कोनं टाकलं?"

"मी," संजू.

"तापल्या तव्यावर पानी टाकते का कोनी?"

"मंग काय शेकत बसाचं होतं, मिस्त्री?"

मिस्त्री हसले. मला म्हणाले, "बाई, खोलल्याशिवाय सांगता नाई येत. तवरिक कोनाले हात लावू देऊ नका." संजूने बोलावलेला भंगारवाला शनिवारी येणार होता. त्याला नको म्हणून सांगितलं. संजूचं तोंड वाकडं.

२४ ऑक्टो.

संजू चुकीचं बोलत नाही. शेड पाहिजे, दुकानाचा माल ठेवायला जागा नाही. गाडी चालवणार कोण? त्याला ती आवडत नाही. लहानपणी दोन सीटच्या गाडीत त्याला कधी जागाच नव्हती.

मलाही आवडायची असं नाही. वर्ध्याला जाताना तोंडात धूळ, केसांचं घरटं, लुगड्यावर डिझेलचे शिंतोडे पुढच्या ट्रकचे. पोरं मागे धावायची. एकदा पवनारच्या पुढे बंद पडली तर बैलगाडीला बांधून आणली. हे पुढे बसून स्टेअरिंग धरून, जसं काही आपणच चालवतोय. मी मागून पायी. त्या दिवशी दोन शब्द बोलले नाही ह्यांच्याशी.

मग भंगारवाल्याला का परत पाठवलं? कारण ती गाडी तशीच गेली तर गावात एवढंच उरेल की तिनं ओवाळलं अन् जळलं. एकदा का शेड रिकामं झालं की मग पाहायला काही नाही, विचारायला काही नाही. सूनबाईच्या पोटी मूल यायचं आहे अजून. उद्या बारसं होईल. त्यात मी कुठे उभी राहू ते लोक सांगतील.

लिहून टाकलं. ठीक आहे.

२७ ऑक्टो., रवि.

मिस्त्री सकाळीच आले, हत्यारं घेऊन. संजू दुकानात. मी उंबऱ्यावर बसले भुईमुगाच्या शेंगा फोडत. हात कामात.

सूत लावलं, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. चेसिस सरळ. हेड काढलं, रॉकेलने पुसलं, चुना लावून डाग उमटतो का पाहिलं. तडा नाही. "नशीब हाय," म्हणाले. मला त्या शब्दाचा हल्ली कंटाळा येतो.

मग सायलेन्सरच्या पाइपाजवळून काहीतरी खरवडून काढलं. काळा गोळा, मुठीएवढा. एका बाजूला बाटलीच्या बुचाचे आटे अजून दिसत होते.

"बाई, गाडी चालू कोनं केलती?"

"भाऊजींनी."

मिस्त्री हात पुसत राहिले. मग सांगितलं ते असं. उभ्या गाडीला पेट्रोल चढत नाही, म्हणून बाटलीने थोडं कार्बोरेटरच्या तोंडात ओततात. "मीबी वततो. पन बाटली भायेर ठेवाची असते." ही आतच राहिली. अर्धी भरलेली असेल. पाइप तापला, प्लास्टिक वितळलं, पेट्रोल तापल्या पाइपावर सांडलं.

"अन् कापूर?"

"कापूर नसता लावला तरी पेटलीच असती. दोन मिंट इकडे का दोन मिंट तिकडे."

मी म्हटलं, पुन्हा सांगा. त्यांनी पुन्हा सांगितलं. कावळा बसायला अन् फांदी मोडायला. मी आत गेले, पाणी प्यायले, न्हाणीत जाऊन रडले. बरंच रडले. मग शेंगा फोडल्या.

२९ ऑक्टो.

अजून कोणाला सांगितलं नाही. गोळा पिठाच्या रिकाम्या डब्यात ठेवला आहे.

भाऊजी दसऱ्यापासून फक्त एकदा आले, दारातूनच गेले. मला वाटलं भावाची गाडी गेली म्हणून दुःख. वाटलं ते वाटलं.

संजू रात्री जेवताना: "बाबा गेले, गाडी गेली. तू आता कोनासाठी जपून राह्यली?" चेसिस सरळ आहे म्हटलं. "चेसिस घेऊन काय कराचं आई, खाट?" सूनबाई हसली, मीही हसले. पोरगा वाईट नाही.

१ नोव्हेंबर, शुक्र.

संजूच्या मोटारसायकलवर आंजीला गेले. वसुबारस, पण मला वेळ हाच मिळाला. संजूला चौकात चहा प्यायला सोडलं. भाऊजी अंगणात कापसाच्या गाठोड्यांवर बसले होते, वेचणी चालू आहे. पिशवीतून गोळा काढून समोर ठेवला. काय आहे असं त्यांनी विचारलंच नाही.

"मले त्याच दिवशी समजलं होतं, वहिनी."

"मंग बोलले काऊन नाई?"

"भाऊची गाडी मी जाळली, हे कोन्या तोंडानं सांगू?"

"अन् मी जाळली, हे चाललं तुमाले?"

मान खाली. मग रडायला लागले, साठीचा माणूस, कापसावर बसून. इतर वेळी मी डोळे पुसायला पदर पुढे केला असता. नाही केला. जाऊबाई चहा घेऊन आली, बिचारीला काही माहीत नव्हतं. चहा प्यायले, छान झाला होता. निघताना म्हटलं, "पाडव्याले सगळे आमच्याकडे जेवाले हायत. काकूबाईबी येतात. तुमीबी या."

येतील का, माहीत नाही. नाही आले तर मी सांगणार नाही. मी सांगितलं तर ती सफाई होते. सफाई द्यायला मी कोर्टात उभी नाही.

५ नोव्हें., पाडवा

आले.

पंगत बसली होती. पुरण वाढून झालं. भाऊजी बसल्या जागेवरून उठले, हात जोडले अन् सगळ्यांसमोर बोलले. "पेट्रोलची बाटली मी आत विसरलो होतो. गाडी माह्यानं जळली. वहिनीचा काई दोष नाई. मी भेलो, म्हनून चूप राह्यलो." एवढं बोलून खाली बसले अन् जेवेनात. संजू त्यांच्याकडे पाहतच राहिला. त्याला आजच कळलं. उठून त्यांच्या ताटात तूप वाढलं त्याने, काही न बोलता. माझ्या पोराचा मला त्या क्षणी फार अभिमान वाटला.

सगळे काकूबाईंकडे पाहत होते. त्यांनी घास संपवला. पाणी प्यायल्या.

"असंन बापा. पन इतके वर्सं बाटल्या अन् बुचं तिथंच राहत असतीन. तवा नाई पेटली कधी."

अन् सूनबाईला म्हणाल्या, "कढी वाढ वं."

मी हसले. खरंच हसू आलं, ठसका लागेपर्यंत. गोळा दाखवा, सूत दाखवा, मिस्त्रीला उभा करा. म्हातारीचं काही अडत नाही. उद्या ती गाडी नवीकोरी होऊन तिच्या दारावरून गेली तरी म्हणेल, पाह्य, देवानं तारली. भाऊजी मात्र निघताना पाया पडले. मी पडू दिलं. राग पुरता गेला नाही अजून, पण घरात बसलेली गाठ सुटली.

९ नोव्हें., शनि.

मिस्त्रींचा निरोप. सोमवारी नक्की सांगा. गावच्या सुताराकडे जुनं वाळलेलं सागवान आहे, सांगाड्याला चांगलं. आपण नाही घेतलं तर तो कोणाच्या तरी दरवाज्याची चौकट करून मोकळा होईल. करायची म्हटली तर वर्ष लागेल. नाही म्हटलं तर चाकं, गिअरबॉक्स नागपूरचा एक शौकीन नेतो, बाकी भंगार. भंगारवालाही सोमवारीच विचारायला येणार.

संजू म्हणतो, आता तुझी मर्जी. पाडव्यापासून तो शेडचं नाव काढत नाही. पोती व्हरांड्यात लावली त्यानेच.

दुपारी सूनबाई भाजी निवडत होती. वर न पाहता म्हणाली, "आई, पन तुमाले पाहिजे का ती?"

हे मला कोणीच विचारलं नव्हतं. मीही नाही. तीन आठवडे ती गाडी राखली ती काकूबाईंसाठी, चक्कीवरच्या बायांसाठी, त्या डोहाळजेवणाच्या ताटासाठी. खरं काय ते घरात सगळ्यांना कळलं. बाकीच्यांना कळून घ्यायचं नाही. म्हणजे कोणाला दाखवायचं म्हणून आता ती ठेवता येत नाही, अन् कोणाच्या धाकाने काढताही येत नाही. विचार करते म्हटलं. भाजी निवडून झाली.

चार वाजता शेडमध्ये गेले. सीटच्या स्प्रिंगा उरल्यात, त्यावर पोतं घडी करून टाकलं. ह्यांच्या, म्हणजे स्टेअरिंगच्या बाजूला बसले. सदतीस वर्षांत तिकडे बसायची वेळ आली नाही. हे म्हणायचे, तुझे पाय पेडलला पुरणार नाहीत. स्टेअरिंगचं नुसतं लोखंडी कडं राहिलंय. धरलं, हात काळे झाले.

सोमवारी काय सांगायचं ते ठरलं नाही. पाय पुरतात.